घोडीचं कुंपण

आमच्या आबांनी घोड्यासाठी कधी कुंपण केलं नाही. आमचं गाव इंदापूर तालुक्यात, भीमेच्या अंगाला. माझ्या लहानपणी घरात एक तट्टू होतं. भीमथडीचं, बुटकं, पोटानं सुटलेलं, पण चालायला असं की इंदापूरचा बाजार करून आबा दिवस मावळायच्या आत घरी. रात्री त्याला गोठ्याच्या कडेला ठाणावर बांधायचं, पुढं अगाडी, मागं पिछाडी. दिवसा पुढच्या दोन पायांना सुती दोरीचा पायबंद घालून माळावर सोडून द्यायचं. ते टुकूटुकू उड्या मारत चरायचं, पण लांब जायचं नाही. धनगरांची तट्टं अजून अशीच चरतात. बहात्तरच्या दुष्काळात माणसांनाच खायला नव्हतं, तेव्हा आबांनी ते तट्टू एका वाड्याबरोबर लावून दिलं. मी तेव्हा बारा वर्षांचा. त्याच्या मागं ओढ्यापर्यंत गेलो होतो, एवढं आठवतं.

रानाला कुंपण असायचं ते पिकासाठी. बाभळीच्या नाहीतर बोराटीच्या शिऱ्या तोडायच्या, बेचक्यानं रेटत आणायच्या आणि बांधावर रचून वर धोंडा ठेवायचा. गाय आली की तोंडाला काटा लागतो, ती मान फिरवून माघारी जाते. कुंपण म्हणजे बाहेरच्याला अडवायचं, एवढंच आम्हाला ठाऊक. आतल्या जनावराला जपायचं कुंपण वेगळं असतं, हे मला फार उशिरा कळलं. ते कसं कळलं, तेच सांगायचं आहे.

मी 1976 ला दहावी झालो. पुढं शिकलो नाही, रानात आलो. आबा गेल्यावर काही वर्षं धाकटा आणि मी एकत्र होतो. मग वाटण्या झाल्या. वाटण्या नीट झाल्या, पण बांध नीट झाला नाही. तो म्हणायचा, दादानं वीतभर बांध कोरला. मी म्हणायचो, यानंच नांगर घातला. शेवटी 2009 साली मी सरकारी मोजणी आणली. खुणेचे दगड पडले. ते माझ्या म्हणण्याप्रमाणे पडले, याचा मला इतका आनंद झाला की चार दिवसांत सिमेंटचे डांब आणून पाच पदरी काटेरी तार ओढली. बांधाच्या अलीकडं माझा घास होता, लसूणघास. त्याच्या गाई यायच्या, असं माझं म्हणणं. खरं सांगायचं तर वर्षात दोनदा आल्या असतील.

पुढच्या साली अकलूजच्या घोडेबाजारात गेलो. नुसता बघायला, असं घरी सांगून गेलो होतो. येताना घोडी घेऊन आलो. कुमैत रंगाची, चारी पाय पांढरे, कपाळावर पांढरा पट्टा. पंचकल्याणी. नाव मैना. कारभारीण दारात भाकरीचा तुकडा ओवाळायला आली, पण तोंडानं म्हणाली, "पन्नाशीत पोरखेळ सुचला व्हय?" मी काही बोललो नाही. ओढ्यापर्यंत गेलेलं ते पोर माझ्यात अजून होतं, हे तिला कसं सांगणार?

मैनेला मला बांधून ठेवायचं नव्हतं. घास मोडला आणि तारेच्या आतलं वीस गुंठे रान तिला मोकळं ठेवलं. पहिल्या दिवशी सोडली तेव्हा ती शेपटी वर करून नुसती पळत सुटली. या कडेपासून त्या कडेपर्यंत. धाकटा त्याच्या बांधावर उभा होता. मोजणीपासून आमचं बोलणं बंद होतं. तरी तो तारेपाशी आला आणि म्हणाला, "दादा, घोड्याच्या रानात काटा ठेवू नगस. आबा काय म्हनायचं, इसरलास का?"

आबा म्हणायचे, घोडं काट्याला भीत नाही, ते आवाजाला भितं. मला ते आठवत होतं. पण मला वाटलं, याला तार काढून हवीय, म्हणून आबांचं नाव घेतो. मी म्हणालो, "तू तुझ्या गाई संभाळ."

दोन वर्षं काही झालं नाही. मैना शहाणी होती, तिनं तारेची कड ओळखली होती. दुसऱ्या साली तिला काठेवाडी घोडा दाखवला. अकरा महिन्यांनी, 2012 च्या चैत्रात शिंगरू झालं. नर. आईचाच रंग, पण पाय कुठे पांढरे नाहीत. दोन तासांत उठून उभं राहिलं आणि चौथ्या दिवशी आईच्या भोवती पळायला लागलं.

त्या साली पावसानं दगा दिला होता, दिवाळी कोरडीच होती. लक्ष्मीपूजनाची रात्र, म्हणजे अमावस्या. माझ्याच पोरानं आमच्याच अंगणात सुतळी बॉम्ब लावला. एक वाजला, पाठोपाठ दुसरा. रानातून टापांचा आवाज आला आणि मग तार कर्रकन ओढल्याचा. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

बॅटरी घेऊन पळालो. मैना मधे उभी राहून फुरफुरत होती. शिंगरू कोपऱ्यात, तारेत. कोपऱ्यात शिरलं, वळायला जागा नाही, मागं आवाज, म्हणून समोर उडी घेतली. समोर त्याच्या लेखी मोकळं रान होतं. पुढचा एक पाय दोन तारांच्या मधून पलीकडं गेला होता आणि ते पाय ओढून घेत होतं. जितकं ओढत होतं तितका काटा आत जात होता. गाय अशी अडकली तर थांबते, हंबरते. घोडं थांबत नाही. त्याच्या रक्तातच पळणं आहे.

मी त्याची मान धरायला गेलो तोवर पलीकडून धाकटा आला होता. हातात पक्कड. त्यानं एक शब्द विचारला नाही. तार तोडली, एक, दोन, तीन. त्याच्यावर लावलेली तार त्यानंच तोडली. मग डोक्याचा टॉवेल काढून पायाला गुंडाळला आणि आम्ही दोघांनी शिंगराला आधार देत गोठ्यात आणलं.

सकाळी जनावरांचे डॉक्टर आले. ढोपराच्या खाली पुढची कातडी सोलून निघाली होती. डॉक्टर म्हणाले, "घोड्याच्या ढोपराखाली मांस नसतंच. कातडी, शिरा आणि हाड. म्हणून तारेची जखम घोड्याला गाईपेक्षा वाईट." त्यांनी जखम धुतली, कापलेले तुकडे काढले, पट्टी बांधली. विचारलं, घोडीला धनुर्वाताची लस दिली होती का? मला घोड्याला अशी लस असते हेच माहीत नव्हतं. त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. म्हणाले, "हे इंजेक्शन माझ्याकडं नाही. आज नाहीतर उद्या बारामतीहून आणा. घोड्याला धनुर्वात लगेच धरतो."

त्या दिवशी पाडवा, नंतर भाऊबीज. दुकानं उघडी नसतील, असं मी मनाशी म्हणालो. फोन करून विचारलं नाही. शिंगरू उभं राहत होतं, दूध पीत होतं, जखम कोरडी दिसत होती. सण झाला, मग उसाला पाणी होतं. चिठ्ठी सदऱ्याच्या खिशात राहिली.

दहाव्या दिवशी ते चालताना ताठ दिसलं. चारी पाय लाकडी खुर्चीसारखे. कान उभे, शेपटी आडवी. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून पांढरा पडदा डोळ्यावर यायचा. मैनेच्या सडाला तोंड लावायचं, पण जबडा उघडायचा नाही. भांडं वाजलं तरी सगळं अंग थरथरायचं. डॉक्टरांनी रात्री येऊन सलाईन लावलं, औषधं दिली. गोठ्यात अंधार केला, कानात कापूस घातला. त्यांनी त्यांच्याकडून काही कमी ठेवलं नाही. चौदाव्या दिवशी पहाटे शिंगरू गेलं.

सदरा धुवायला टाकताना कारभारणीच्या हाताला चिठ्ठी लागली. तिनं ती वाचली आणि माझ्यासमोर ठेवली. काही बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर मी मैनेला बांधून घातली. रिकाम्या रानात तार तशीच, तीन पदर तुटलेले. घोडी विकावी असं मनात आलं. पण तिला दुसऱ्याच्या तारेत सोडण्यापेक्षा आपणच शिकलेलं बरं, असं वाटलं. मग मी कुंपण या विषयाच्या मागं लागलो. दहावीला नव्हता एवढा अभ्यास केला.

वाचनात आलं की काटेरी तारेचं पेटंट 1874 साली अमेरिकेत ग्लिडन नावाच्या शेतकऱ्यानं घेतलं. ती तार गुरं रोखायला होती. म्हणजे तारेचा दोष नाही, ती ज्याच्यासाठी केली ते जनावर वेगळं. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. त्याला आजूबाजूचं आणि बरंचसं मागचंही दिसतं, पण कपाळाच्या अगदी पुढचं दिसत नाही. पळत आलं की बारीक तार त्याला नसल्यासारखीच. म्हणून घोड्याचं कुंपण आधी लांबून दिसलं पाहिजे. मजबूत नंतर.

मग ज्याला त्याला विचारत सुटलो. एकजण म्हणाला, डायमंडची जाळी मार. जाळी बरी वाटते, पण घोडं पुढच्या पायानं उकरतं, टाप मारतं. मोठ्या भोकात खूर जातो आणि नालेची टाच अडकते. खूर शिरणार नाही इतक्या बारीक चौकोनाची जाळी चालते, पण ती वीस गुंठ्याला लावायची म्हणजे घोडीपेक्षा जाळी महाग. दुसरा म्हणाला, झटका मशीन बसव. रानडुकरासाठी लोक बसवतात ते. सोलरची प्लेट, बारा व्होल्टची बॅटरी, सेकंदाला एक ठोका. त्यानं जनावर मरत नाही, दचकतं. पण ते नुसतंच लावून भागत नाही. गवत वाढून तारेला लागलं की झटका जमिनीत जातो, आणि न शिकवलेलं घोडं दचकून पुढंच पळतं. काही लोक लाईटच्या खांबावरचा करंट सरळ तारेत सोडतात. त्यात माणसं मेली आहेत, आणि तो गुन्हाही आहे. त्याचं नाव काढू नये.

कारभारीण म्हणाली, झाडांचं कुंपण करा, गार वाटंल. मलाही पटलं. पण डॉक्टरांनी आमच्या दारातल्या कण्हेरीकडं बोट दाखवलं. देवाला फुलं म्हणून तिनं लावलेली. म्हणाले, "हिची मूठभर पानं घोड्याला पुरे होतात. वाळलेलीसुद्धा." पिवळी कण्हेर तशीच विषारी. शेराचा चीक डोळ्यात गेला तर डोळा जायची भीती. मोगली एरंडाच्या बिया विषारी. मग मी म्हणालो, सुबाभूळ? ती तर आपण शेळ्यांना घालतो. डॉक्टर हसले. मैनेच्या मानेवरून हात फिरवून म्हणाले, "आयाळ का विरळ झालीय, सांगा बरं." बांधावरच्या सुबाभळीचा पाला ती दोन वर्षं ओरबाडत होती. त्या पाल्यानं घोड्याच्या आयाळीचे आणि शेपटीचे केस झडतात. मी तिला तेल लावत होतो.

कण्हेर मी मुळासकट काढली. कारभारणीनं जाळू दिली नाही, धूरही वाईट म्हणाली. गावाबाहेर खड्डा काढून पुरली.

खरा धडा मिळाला तो 2013 च्या आषाढात, बेलवाडीला. तुकोबांच्या पालखीचं पहिलं गोल रिंगण तिथं होतं. दरवर्षी जायचो, पण त्या वर्षी मी पालखीकडं कमी आणि कुंपणाकडं जास्त बघत होतो. हजारो माणसं गोल उभी. पताका, तुळशी, टाळकरी. मधून घोडे भरधाव सुटले. ना तार, ना जाळी. नुसती माणसं कड करून उभी, आणि घोडा त्या कडेनं वळत वळत पळतोय. रिंगण झाल्यावर घोड्यांमागच्या एका म्हाताऱ्या मोतद्दाराला गाठलं. विचारलं, "एवढ्या गर्दीत घोडा माणसाला कसा धडकत नाही?" तो म्हणाला, "त्याला कड दिसतीया. आन् रिंगणाला कोपरा न्हाई. कोपरा असता तर घोडं घुसलं असतं. घोड्याला कोपऱ्यात घालू नये, बाबा."

मी घरी आलो ते थेट रानात गेलो. शिंगरू कोपऱ्यातच अडकलं होतं. बांधाकडच्या कोपऱ्यात. ज्या कोपऱ्यासाठी मी मोजणी आणली होती.

कुंपण करायचं ठरलं ते असं. डांब होते तेच ठेवायचे. त्यांना नीलगिरीच्या मनगटाएवढ्या वाशांच्या तीन आडव्या ओळी. वरची ओळ माझ्या छातीएवढी, साडेचार फूट. खालची गुडघ्याच्या जरा खाली, म्हणजे लोळताना पाय अडकला तर निघावा. वासे डांबाच्या आतल्या बाजूनं, बोल्ट मारून. आपण नेहमी बाहेरून मारतो. पण घोडं आतून रेटतं, आणि वासा आतून असला की तो डांबावर दाबला जातो, बाहेर असला की उचकटतो. बोल्टाचं टोक कुठं वर राहू द्यायचं नाही. वाशांना दरवर्षी चुना, म्हणजे अंधारातही पांढरं दिसेल. कवाड दहा फुटी, आतल्या बाजूला उघडणारं, दोन माणसं आणि घोडी एकावेळी जातील असं. आणि कोपरे गोल.

कोपरे गोल करायचे म्हणजे चार ठिकाणी जमीन कुंपणाच्या बाहेर सुटणार. घराकडचे दोन माझ्याच रानात. पण बांधाकडचे दोन सुटले की ते तुकडे धाकट्याच्या बाजूला उघडे पडणार. मी कासऱ्याला कासरा जोडून 33 फूट मोजले, खुंटी ठोकली आणि फिरवून चुन्याची रेघ ओढली. हिशोब केला. दोन्ही तुकडे मिळून अर्धा गुंठासुद्धा होत नव्हता. वीतभर बांधासाठी चार वर्षं न बोललेला माणूस मी. त्या रेघेकडं बघत बराच वेळ बसलो.

धाकटा त्याच्या रानात खुरपत होता. त्यानं रेघ बघितली. येऊन तारेपाशी उभा राहिला. म्हणाला, "हे भाईर का सोडलंस?"

मी म्हणालो, "कोपरा नको. घोडी वळली पायजे."

त्यानं मान हलवली. मग विचारलं, "काटेरी तार काढायला मानूस हाय का?"

"न्हाई," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी तो हातमोजे घालून आला. दिवसभर दोघं तार गुंडाळत होतो. शिंगराविषयी तो बोलला नाही, मीही नाही. एका ठिकाणी काट्याला केस चिकटलेले होते, कुमैत. त्यानं ते हळूच काढले आणि मातीत दाबले. मी दुसरीकडं बघत होतो. गुंडाळलेली तार आम्ही भंगारात दिली. आलेल्या पैशात बोल्ट आले, सगळे नाहीत.

कुंपण उभं राहिल्यावर मैनेला हातानं धरून दोन्ही अंगांनी कडेकडेनं फिरवली. नवीन कुंपण घोड्याला असं ओळखीचं करून द्यावं लागतं, उजेडात, सावकाश. मग सोडली. ती पळाली. गोल कडेपाशी आली, न थांबता वळली आणि पुढं गेली. ती खुशीत वासे चावायला लागली, म्हणून पुढच्या साली वरच्या ओळीच्या आतून झटक्याची एक पांढरी रुंद पट्टी लावली. एवढ्यापुरतं ते मशीन उपयोगी आहे. आणि वर्षातून एकदा, न चुकता, धनुर्वाताची लस. त्या तारखेला मी कॅलेंडरवर लाल खूण करतो. लक्ष्मीपूजनाला घोडी बंद ठाणावर असते आणि आमच्या अंगणात फटाका वाजत नाही.

आता मी पासष्टीला आलो. अलीकडं भीमथडी ही घोड्याची स्वतंत्र जात म्हणून सरकारदरबारी नोंद झाली, तेव्हा गावातली दोन-चार तरुण पोरं घोडी घ्यायची म्हणून माझ्याकडं विचारायला आली. कुठली जात घ्यावी, रंग कुठला, किंमत किती. मी त्यांना आधी रान दाखवा म्हणतो. त्यांच्या रानाला बहुतेक काटेरी तारच असते. मी सांगतो, आधी हे काढा, मग बाजारात जा. काहीजण ऐकतात. काहीजणांना वाटतं, म्हातारा जास्त बोलतो.

बांधाकडचे दोन तुकडे अजून तसेच बाहेर आहेत. पहिल्या वर्षी धाकट्यानं तिथं नांगर घातला नाही. दुसऱ्याही नाही. मोजणीचे दगड तिथंच आहेत, गवतात दिसतात. तिसऱ्या वर्षी सुगीला त्यानं एका तुकड्यावर कडब्याची गंज रचली. मला विचारलं नाही. मी सकाळी उठून बघितलं, तर मैना वाशावरून मान लांब करून गंजीतला कडबा ओढत होती आणि धाकटा पेंढी सोडून तिच्या पुढं टाकत होता.

कारभारीण म्हणाली, "आपल्या जागंत गंज लावली की त्यांनी."

मी म्हणालो, "असू दे. घोडी खातीय ना?"

ती गंज दरवर्षी तिथंच असते.